ग्राफिक्स कार्ड निम्मं रिकामं, तरी गेम अडखळतो: एका तपासाची हकिकत

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, गेम सुरू केला, आणि कोपऱ्यातल्या आकड्यांत कार्डाचा लोड ४५-५० टक्क्यांच्या वर जायलाच तयार नाही. एफपीएस, म्हणजे एका सेकंदात दिसणाऱ्या चित्रांची (फ्रेमची) संख्या, चाळिशीत. शहरातल्या गर्दीच्या चौकात वळलं की चित्र ठेचकाळत पुढे सरकणार. ज्यांच्याकडे सध्या हेच चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. हा गुंता सुटायला मला महिन्याहून जास्त काळ लागला, आणि त्यातला मोठा भाग उत्तरांची वाट बघण्यात गेला.

आधी सामान सांगते, म्हणजे पुढचे आकडे कळतील. प्रोसेसर काही वर्षांपूर्वीचा, सहा कोअर (काम करणारे भाग) आणि बारा थ्रेडचा (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा), एएम४ सॉकेटवरचा (मदरबोर्डावरची एएमडी प्रोसेसरची जागा). रॅम १६ जीबी, डीडीआर४, ३२०० वेगाच्या दोन पट्ट्या. कार्ड मधल्या फळीतलं, ८ जीबी व्हीरॅमचं, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं. मॉनिटर २५६० बाय १४४०, १४४ हर्ट्झ. गेम मोकळ्या जगाचा, माणसांनी आणि गाड्यांनी गजबजलेल्या शहरातला. त्याचं नाव देत नाही, कारण हीच रडकथा अशा कुठल्याही गेममध्ये होऊ शकते.

कार्ड डिसेंबरच्या शेवटी आलं. बसवण्याआधी मदरबोर्डचा बायोस (संगणक सुरू होताना आधी चालणारं, मूळ सेटिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर) अपडेट केला, कारण जुन्या बायोसमध्ये रिसायझेबल बार हा पर्याय नव्हता. या सोयीमुळे प्रोसेसरला कार्डाची सगळी व्हीरॅम एकाच वेळी दिसते. नाहीतर ती २५६ एमबीच्या खिडकीतून थोडी थोडी बघावी लागते. काही गेममध्ये याचा फायदा होतो, काहींमध्ये जाणवतही नाही. बायोस अपडेट करणार असाल तर एक सांगते: विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. अपडेटनंतर संगणक ती मागू शकतो, आणि त्या क्षणी ती शोधत बसणं फार वाईट असतं.

पहिल्या संध्याकाळी जे सगळेच बघतात ते बघून घेतलं. मॉनिटरची केबल कार्डात आहे की मदरबोर्डात? कार्डात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट? तिथे ६० पडला होता, तो १४४ केला. नवं कार्ड बसल्यावर विंडोज असं करून ठेवतं. वीज नीट पोचतेय का? कार्ड बसतं त्या स्लॉटमधून ७५ वॉट आणि ८ पिनच्या जोडणीतून १५० वॉट, म्हणजे माझ्या कार्डाला पुरेसे. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्लॉटचा वेग बघितला तर 'एक्स१६ १.१', म्हणजे फारच जुना, सावकाश वेग दिसला आणि धस्स झालं. पण रिकाम्या वेळी वीज वाचवायला कार्ड हा वेग स्वतःच खाली आणतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी चाचणी चालवली की खरा वेग दिसतो. तो ठीक होता.

गेम मात्र तसाच.

मग मोजमाप मांडलं. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाकलं, आणि गेमवर दिसणारे आकडे स्वतः निवडले: कार्डाचा लोड, क्लॉक (ते किती वेगाने चालतंय), वॉट, तापमान, व्हीरॅमचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा लोड वेगवेगळा, आणि फ्रेम टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख. या सगळ्यात शेवटचा आलेख सगळ्यात कामाचा. एफपीएस ही सरासरी असते. एका सेकंदात ६० फ्रेम आल्या म्हणजे प्रत्येकीला १६.७ मिलिसेकंद लागले असं नाही. ५९ फ्रेम पटापट आल्या आणि एकीलाच १०० मिलिसेकंद लागले, तरी आकडा ६०च्या आसपासच दिसेल आणि डोळ्यांना झटका बसेलच. माझ्या आलेखात चौक आला की अणकुचीदार उभे काटे दिसत होते.

लोडच्या आकड्याबद्दलही एक गोष्ट इथेच सांगते, कारण सगळा घोळ त्याच्याभोवती होतो. ठरावीक काळातला किती वेळ कार्ड कामात होतं, एवढंच तो सांगतो. किती काम झालं ते सांगत नाही. क्लॉक खाली असताना दिसणारे ९० टक्के आणि क्लॉक वर असताना दिसणारे ९० टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून शेजारी वॉटचा आकडा हवाच. माझं कार्ड गेममध्ये आपल्या ठरलेल्या क्षमतेच्या जेमतेम निम्मे वॉट घेत होतं. म्हणजे खरोखरच अर्धा वेळ स्वस्थ होतं.

ज्याला विचारावं तो म्हणे, "कार्ड खराब आलंय, परत दे." मलाही ते पटत होतं, कारण बाकीचा संगणक तर तोच होता, बदललं फक्त कार्ड. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन ठिकाणी तक्रार टाकली: गेमच्या सपोर्टकडे आणि कार्ड विकणाऱ्याच्या वॉरंटी विभागाकडे.

वॉरंटीच्या अर्जात बिलाची प्रत, कार्डावरचा आणि खोक्यावरचा सीरियल नंबर, आणि कार्डाच्या सोनेरी पिनांचा स्पष्ट फोटो मागितला होता. फोटोसाठी कार्ड पुन्हा काढावं लागलं. सीरियल नंबरचं लेबल कार्डाच्या मागच्या बाजूला असतं आणि कार्ड बसवल्यावर ते दिसत नाही, तेव्हा बसवण्याआधीच फोटो काढून ठेवा. 'दोषाचे वर्णन' या चौकोनात अक्षरांची मर्यादा होती. "लोड ४५ टक्के, एफपीएस कमी" एवढंच लिहून भागलं असतं, पण मी गेमचं रेझोल्यूशन, ड्रायव्हरची आवृत्ती, तापमान आणि वॉट हे चार आकडे त्यात कोंबले. पुढे त्याचा उपयोग झाला. लगेच आपोआप पाठवलेली पोच आली, तिकीट क्रमांकासकट. मग शांतता.

गेमच्या सपोर्टने डीएक्सडायगची (संगणकाची माहिती गोळा करणारं विंडोजचं साधन) फाइल मागितली. विंडोजच्या शोधचौकटीत 'डीएक्सडायग' इंग्रजीत टाइप केलं की ती तयार करता येते. पाठवण्याआधी उघडून वाचा; त्यात संगणकाचं नाव असतं, आणि बरेच जण तिथे स्वतःचंच नाव ठेवतात. ते पुसून पाठवलं तरी चालतं. त्यांचं उत्तर काही दिवसांनी आलं: गेमच्या फाइली तपासा, ड्रायव्हर नवा टाका, ओव्हरले (गेमवर तरंगणाऱ्या इतर सॉफ्टवेअरच्या खिडक्या) बंद करा. हे तिन्ही मी पहिल्याच पत्रात 'करून झालं' म्हणून लिहिलं होतं. पुन्हा लिहून पाठवलं. अशा वेळी चिडून उपयोग नसतो. पहिल्या पायरीवरच्या माणसाला यादीतली प्रत्येक ओळ पार केल्याची खूण करायची असते, आणि ती झाल्याशिवाय आपलं तिकीट पुढे सरकत नाही.

वाट बघण्याच्या काळात ड्रायव्हर मुळापासून काढून पुन्हा टाकला. त्यासाठी डीडीयू हे छोटं सॉफ्टवेअर वापरतात. इंटरनेट तोडायचं, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करायचं, जुने अवशेष पुसायचे, आणि मग आधीच उतरवून ठेवलेला नवा ड्रायव्हर टाकायचा. इंटरनेट तोडायचं कारण असं की नाहीतर मधल्या वेळात विंडोज स्वतःच कुठलातरी ड्रायव्हर आणून बसवतं. सेफ मोडलाही बिटलॉकरची की लागू शकते. हे सगळं झाल्यावर गेम सुरू केला तर तो आधीपेक्षाही जास्त अडखळला! तेव्हा पोटात गोळा आला होता. कारण साधं निघालं: ड्रायव्हर पुसला की शेडर कॅशही (चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा तयार साठा) जाते, आणि गेमला शेडर नव्याने तयार करावे लागतात. नव्या भागात पाऊल टाकलं की पहिल्यांदा झटका, दुसऱ्यांदा त्याच जागी काही नाही, हे त्याचं लक्षण. म्हणून ड्रायव्हर बदलल्यावरचा पहिला तासभर मोजमापात धरू नका. दुसऱ्या दिवशी आकडे पूर्वीच्याच जागी आले. म्हणजे ड्रायव्हरही निर्दोष.

जानेवारीच्या मध्यानंतर वॉरंटी विभागातून पहिल्यांदा खऱ्या माणसाचं उत्तर आलं. कार्ड पाठवू नका, असं त्यात होतं. आधी एखादी ठरावीक बेंचमार्क चाचणी (कार्डाला पूर्ण राबवून गुण देणारी) चालवा आणि ती चालू असताना जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट पाठवा. मला वाटलं, हे टोलवतायत. पण मागणी रास्त होती. चाचणी चालवली. कार्डाचा लोड ९८-९९ टक्के, वॉट ठरलेल्या मर्यादेला टेकलेले, तापमान सत्तरीत, आणि गुण त्याच कार्डाच्या इतर लोकांच्या गुणांइतकेच. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी जीपीयू-झेडमध्ये 'परफकॅप रीझन' नावाची एक ओळ असते. कार्ड कशामुळे अडलंय ते ती सांगते. बेंचमार्कमध्ये तिथे 'पॉवर' होतं. माझ्या गेममध्ये त्याच ओळीत 'युटिल' दिसायचं. म्हणजे पुरेसं कामच मिळत नाहीये, म्हणून वेग वाढवायची गरज नाही.

कार्ड ठणठणीत. खरं सांगायचं तर हायसं वाटायच्या ऐवजी थोडं हिरमुसायलाच झालं. कार्ड बिघडलेलं निघालं असतं तर बदलून मिळालं असतं आणि विषय संपला असता.

त्याच रात्री जी चाचणी केली ती खरं तर कोणीही पहिल्या दिवशी करू शकतं आणि तिला एक पैसाही लागत नाही. चौकात एका ठरावीक जागी उभं राहायचं, आकडा लिहून घ्यायचा, आणि मग फक्त रेझोल्यूशन खाली आणायचं. १४४०वरून १०८०वर आलं की पिक्सेल सुमारे ३६.९ लाखांवरून २०.७ लाखांवर येतात. कार्डाचं ओझं इतकं हलकं झाल्यावर एफपीएस वाढले, तर कार्ड कमी पडत होतं. नाही वाढले, तर कोंडी दुसरीकडे आहे. माझ्याकडे १४४०ला ४७, १०८०ला ४८, आणि त्याहून खाली ७२०ला पुन्हा ४८. चित्र धूसर होत गेलं, आकडा ढिम्म. कार्डाचा लोड मात्र ३० टक्क्यांच्या खाली घसरला. तेव्हा प्रकाश पडला.

प्रत्येक फ्रेमसाठी आधी प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे आहे, काय हलतंय, काय दिसणार आहे, आणि मग 'हे काढ' असे हुकूम कार्डाला देतो. विटा देणारा दमला की गवंडी कितीही तरबेज असो, हातावर हात ठेवून उभा राहणार. जुन्या कार्डाच्या काळात गवंडीच सावकाश होता, म्हणून विटा देणाऱ्याची दमछाक कधी दिसली नाही.

इथे टास्क मॅनेजर हमखास चकवतो. त्यात प्रोसेसरचा वापर ३४ टक्के दिसत होता. ३४ टक्के वापर असलेला प्रोसेसर कमी कसा पडेल? पण हा आकडा बारा थ्रेडची सरासरी असतो. एक थ्रेड पूर्ण शंभर टक्के भरला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के. बहुतेक गेममध्ये एक मुख्य थ्रेड असतो आणि बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबावं लागतं. रिव्हाट्यूनरवर थ्रेड वेगवेगळे दाखवले तेव्हा एक ९५च्या पुढे अडकलेला आणि बाकीचे रमतगमत चाललेले दिसले. विंडोज काम एका थ्रेडवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, त्यामुळे कधी कधी एकही थ्रेड शंभरला टेकलेला दिसत नाही आणि तरी कोंडी प्रोसेसरचीच असते. म्हणून थ्रेडच्या आकड्यांपेक्षा रेझोल्यूशनच्या चाचणीवर जास्त विश्वास ठेवा. आणि हो, अशा वेळी डीएलएसएस किंवा एफएसआर (चित्र कमी रेझोल्यूशनला काढून मोठं करणाऱ्या सोयी) चालू करून फारसं काही हाती लागत नाही. ते कार्डाचं ओझं कमी करतात, आणि कार्ड तर आधीच रिकामं आहे.

आता प्रोसेसर का कमी पडतोय? तापमान ७४ अंश, क्लॉक पूर्ण, म्हणजे तापल्यामुळे वेग घटलेला नव्हता. मागे चालणारं स्क्रीन रेकॉर्डिंग बंद केलं, ब्राउझर बंद केला. एक-दोन फ्रेमचा फरक. मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर नजर गेली. वेग: २१३३.

पट्ट्या ३२००च्या, चालतायत २१३३ला. डीडीआर४च्या पट्ट्या आपणहून जाहिरातीतल्या वेगाने चालत नाहीत. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू करावं लागतं. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. माझ्याकडे ते पूर्वी चालू होतं, पण बायोस अपडेट झाला की सगळी सेटिंग मूळपदावर येतात, आणि संगणक याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणजे कार्डासोबत आणखी एक गोष्ट बदलली होती. सीपीयू-झेड (प्रोसेसर आणि मेमरीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर तिथे वेग निम्मा दिसतो: १०६६ दिसलं म्हणजे २१३३ समजायचं, १६०० म्हणजे ३२००. तिथेच पट्ट्या दोन चॅनलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर) आहेत का तेही कळतं. दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात.

एक्सएमपी चालू करून सेव्ह केलं आणि पडदा काळाच राहिला. बराच वेळ. पंखे फिरतायत, चित्र नाही. नव्या वेगाला बोर्ड मेमरी जुळवून घेत असतो, त्यात वेळ जातो. लगेच बटण दाबून बंद करू नका. नाहीच आलं तर बोर्डावरचा क्लिअर सीमॉसचा (बायोसची सेटिंग पुसणारा) जंपर वापरून किंवा नाण्यासारखी बॅटरी काढून सेटिंग पूर्ववत करता येतात. माझ्याकडे आलं. तरी रात्रभर मेमटेस्ट८६ चालवून ठेवलं, कारण मेमरी वाढीव वेगाला डळमळीत असेल तर गेम मध्येच बंद पडणं, फाइली बिघडणं असे भलतेच रोग सुरू होतात. सकाळी एकही चूक दाखवली नव्हती.

त्याच चौकात त्याच जागी: ४७चे ५६ झाले. त्याहून मोठा बदल तळाच्या, म्हणजे सगळ्यात सावकाश एक टक्का फ्रेमचा, ज्याला 'वन पर्सेंट लो' म्हणतात: २७वरून ३८. आलेखातले काटे निम्म्याने बुटके झाले. खर्च शून्य.

उरलेलं काम गेमच्या सेटिंगमध्ये झालं, आणि मला त्यात सगळ्यात जास्त मजा आली. माझी जुनी सवय म्हणजे अडखळलं की सगळंच 'लो' करायचं. त्याने अशा वेळी चित्र खराब होतं आणि फ्रेम तेवढ्याच राहतात. कोणतं सेटिंग कोणाच्या डोक्यावर बसतं ते बघायला हवं. गर्दीची घनता, किती लांबवरच्या वस्तू काढायच्या ते अंतर, आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावली काढणं), हे प्रोसेसरलाही जड जातं. रे ट्रेसिंगचं ओझं फक्त कार्डावर असतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण हलत्या वस्तूंची रचना दर फ्रेमला प्रोसेसरच्या मदतीने नव्याने मांडावी लागते. सावल्या दोघांनाही जड. याउलट धुकं, प्रतिबिंबांची गुणवत्ता, अँटी-अलायझिंग (वस्तूंच्या कडा गुळगुळीत करणं), रेझोल्यूशन हे कार्डाचं खातं. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रं) व्हीरॅममध्ये मावत असतील तर त्यांनी वेगावर फारसा परिणाम होत नाही; मावले नाहीत तर मात्र सामान साध्या रॅममधून ये-जा करू लागतं आणि कमी लोड, जबरदस्त झटके असं हुबेहूब माझ्यासारखंच चित्र दिसतं. म्हणून व्हीरॅमचा आकडा आधीपासून समोर ठेवला होता. ८ जीबीपैकी साडेसहाच्या आसपास, म्हणजे तो संशयित बाद.

गर्दी 'हाय'वरून 'मीडियम' केली, अंतर एक पायरी खाली, रे ट्रेसिंग बंद. चौकात ६६. मग जे कार्डाच्या खात्यात होतं ते बिनधास्त वर नेलं. धुकं, प्रतिबिंबं, सगळं. एफपीएस जराही हलले नाहीत, लोड ७५ टक्क्यांवर गेला, आणि गेम आधीपेक्षा देखणा दिसायला लागला.

शेवटी रिव्हाट्यूनरमध्ये ६०ची मर्यादा लावली. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ६०ची मर्यादा हे ऐकून एक मित्र हसला. पण मोकळ्या रस्त्यावर ९० आणि चौकात ६६ या चढउतारापेक्षा सलग १६.७ मिलिसेकंदांची सरळ रेघ डोळ्यांना कितीतरी बरी वाटते. पंख्यांचा आवाजही कमी झाला. मर्यादा लावल्यावर लोड पुन्हा पन्नाशीत आलाय, म्हणजे ज्या आकड्यावरून तक्रार केली होती तोच आकडा आता रोज दिसतो.

तिकिटांचं काय झालं? वॉरंटीचा अर्ज फेब्रुवारीत मागे घेतला. त्यासाठीही एक अर्ज होता आणि कारणांच्या यादीत 'कार्ड चांगलं आहे' हा पर्यायच नव्हता. 'इतर' निवडून दोन ओळी लिहिल्या. मागे घेतला तरी मूळ वॉरंटी चालू राहते ना, हे लेखी विचारून घेतलं, राहते. गेमच्या सपोर्टचं तिकीट मधल्या काळात उत्तर न आल्याचं कारण देऊन आपोआप बंद झालं होतं. ते पुन्हा उघडलं नाही. कार्डाचं खोकं आणि आतली अँटीस्टॅटिक पिशवी अजून कपाटावर आहे, आणि वॉरंटी संपेपर्यंत तिथेच राहील.

गर्दीच्या काही मोहिमांमध्ये अजूनही आकडा ५०च्या खाली जातो. त्यावर उपाय प्रोसेसर बदलणं हाच आहे. एएम४वर त्याची सोय आहे. २०२२ साली आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे, आणि अशा मुख्य थ्रेडवर अडणाऱ्या गेमना मोठ्या कॅशचा चांगला उपयोग होतो. पण एका गेमच्या दोन-तीन मोहिमांसाठी तेवढा खर्च करायचं सध्या तरी मनात नाही.